ओला ताणा

हौसाचं पत्र येऊन महिना होत आला होता, आणि नानासोंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र मागावरच्या आढ्यात खोचलेलं होतं. माग चालला की ते थरथरायचं. त्यात चारच ओळी होत्या. ‘आबा, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरात करतात. तुम्ही ये म्हणालात तर येते. नाहीतर इथंच तासगावात बघू.’

बौद्धवस्तीतल्या महेंद्रशी लग्न करून ती गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. आज काढलं ते तिच्या थोरल्या भावानं.

“आबा, लिवा तिला. ये म्हणावं.” सयाजी उंबऱ्यावर टेकला होता. आवाज अगदी मऊ होता. नानासोंना त्या मऊपणाचंच भय वाटलं.

“तूच लिव्ह की.”

“माझं अक्षर बघून ती यायची न्हाई. तुमचं बघितलं की पळत यील.”

आदल्या दिवशी परड्यात लोकर पिंजताना नानासोंनी भिंतीपलीकडचं बोलणं ऐकलं होतं. सयाजी त्याच्या दोस्ताला, गुंडाला सांगत होता, “तासगावात तिच्याभोवती त्याची मानसं हायती. हितं म्हसवडच्या स्टँडवर उतरू दे नुसती. जीप तेवढी तू आण.”

“आन् पोटातलं?” गुंडानं विचारलं होतं.

सयाजी पचकन थुंकल्याचा आवाज आला होता.

नाही म्हणून भागणार नव्हतं. अक्षराची नक्कल करणारे गावात पुष्कळ होते. नानासोंनी मांडीवर पाट घेतला. बाहेर चैत्राचं ऊन भाजत होतं. अंगणात काळ्या लोकरीचा ताणा या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणलेला होता. त्यावरची चिंचोक्याची खळ अजून वाळायची होती. घोंगडीचे ते उभे धागे त्यांनी एकेक करून न्याहाळले. मग त्यांनी लिहिलं.

सयाजीनं कागद ओढून घेतला आणि ओळीवर बोट ठेवत मोठ्यानं वाचला. “‘चिरंजीव हौसास, पत्र पोचलं. ये. सयाजी स्टँडवर घ्यायला येईल. इकडं आभाळ भरून आलंय. ताणा ओला आहे. आबा.’” तो थांबला. “आभाळ? आवं, भाईर मानूस भाजून निघतंय!”

“मला तर अंधारूनच दिसतंय बाबा.”

“मोतीबिंदू पिकला तुमचा.” सयाजी हसला. “ऱ्हाऊ द्या तसंच. म्हातारं चळलं म्हणंल, आन् दोन दिस आदीच यील.”

त्यानं कडेला जीभ लावून पत्र चिकटवलं आणि मोटारसायकलला किक मारली. नानासो दारात येऊन उभे राहिले. पार वेशीवरची लाल पेटी त्यांना स्वच्छ दिसत होती. पेटीवर बसलेला कावळाही दिसत होता. सयाजीनं त्याला हाकललं, पत्र आत सोडलं आणि नीट पडावं म्हणून पेटीवर दोन थापा मारल्या.

सयाजी लहानपणी आष्ट्याला मामाकडं वाढला होता. हौसा या अंगणात वाढली होती. ओल्या ताण्यावर पावसाचा थेंब पडला की खळ धुऊन जायची, म्हणून ढग दिसताच आबा आणि आई दोन टोकं धरून ताणा घरात पळवायचे. तेव्हा पायात पोर आलं, की धागे तटातटा तुटायचे. त्यामुळं ताणा ओला असताना आभाळ भरून आलं, की आबा पहिल्यांदा एकच ओरडायचे:

“हौसे, असशील तितंच थांब! अंगणात पाय ठिवू नगंस!”