पाइपाखालची खुर्ची

पाइपिंगच्या सुरक्षा-नियमांचा अख्खा कोड तोंडपाठ असलेल्या यज्ञेश्वर साहेबांनी कारखान्यातल्या वाफेच्या नव्या लाइनवर, दाबाची चाचणी न घेताच, ‘पास’ म्हणून सही ठोकली. मालकांचा मुहूर्त टळत होता ना!

मुहूर्तावर नारळ फुटला. बाबांचं काम बघायला नारायण पेठेतून हौसेनं आलेली साहेबांची लेक वल्लरी सेल्फीसाठी पाइपाशेजारी उभी राहिली. तेवढ्यात वाफ सोडल्याची हाक आली. साहेबांनी हातातला पेढा टाकला आणि लेकीला दंडाला धरून पार फाटकापर्यंत ओढत नेलं.

“अहो बाबा, तुम्हीच पास केलीय ना ही लाइन?”

साहेब चष्मा पुसू लागले.

मागोमाग ऑपरेटर आम्रपाली आली. रोजची पाळी तिला त्याच पाइपाखाली बसून करायची होती.

“सर,” तिनं हळूच विचारलं, “मग माझी खुर्ची कुठं ठेवू?”