मागचं बाकडं

रविवारी सकाळी ओवे गावच्या कातकरवाडीत शमुवेल मास्तर रोमी सुभेदार पिलातापुढे उभ्या केलेल्या येशूची गोष्ट सांगत होते. "खोटे आरोप झाले, पण तो एका शब्दानंही बोलला नाही." चांगो अगदी समोर बसून ऐकत होता. नेमक्या त्याच वेळी पाटलाच्या खळ्यावरून भाताची पोती चोरीला गेली, आणि दुपारी पोलिसांनी चांगोला उचललं.

पनवेलच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "चोरी झाली तेव्हा तू कुठे होतास?"

चांगो गप्प. मास्तर मागच्या बाकड्यावर पाटलाच्या शेजारी बसले होते. मास्तरांची वाडीतली शाळा पाटलाच्या जागेत भरायची. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं, तेव्हा चांगोनं एकदा मागे वळून पाहिलं. मास्तर डोळे मिटून प्रार्थना करत होते.

शिक्षा झाली. शिपाई चांगोला बेड्या घालून नेऊ लागले, तसे मास्तर जवळ गेले.

"चांगो, अगदी प्रभूसारखा गप्प राहिलास रे!"

"नाय मास्तर," चांगो म्हणाला. "कातकऱ्याचं कोन ऐकतो? तुमी उठून सांगाल, म्हनून गप रायलो."