अलार्मचे पेढे

चाकणच्या कंपनीत सुपरकंडक्टिंग चुंबकाचा अलार्म आठ दिवसांत एकदाही वाजला नाही, म्हणून साहेबांनी पेढे वाटले. चुंबकाची कॉइल जराशी तापली की हा अलार्मच करंट तोडतो. नाहीतर कॉइल जळालीच.

शिफ्ट बदलताना गणराज मुकुंदला हळूच म्हणाला, “भाऊ, तुला म्हणून सांगतो. शेजारच्या प्रेस मशीनच्या दणक्यानं तो उगाच सारखा बोंबलायचा. मी त्याची मर्यादा दोननं वाढवून ठेवलीय.”

मुकुंदचा पेढा हातातच राहिला. “मीपण वाढवली राव. तीननं.”

दोघं पॅनेलकडे धावले. मूळ मर्यादा पाच होती. फार तर दहा दिसायला हवी होती. पडद्यावर अठरा होती, आणि आत कॉइल फुल्ल करंटवर चालू होती.

मागून साहेब पुटपुटले, “म्हणजे... तुम्हीपण?”