चपला दाराबाहेर

डॉ. प्रियदर्शनी यांनी दाराशी बूट काढले, आणि बेदाण्याच्या शेडमधली बायकांची कुजबुज एकाएकी थांबली.

तासगावच्या या कारखान्याचे मालक नानासो यांनी त्यांना एकाच कामासाठी बोलावले होते. सरकत्या पट्ट्यावर बेदाणा निवडणाऱ्या बायका दुपारनंतर चुळबुळतात, सारख्या उठतात. त्यांतल्या कामचुकार कोणत्या, एवढे सांगायचे. मग त्यांना कामावरून काढायचे. माणसाचे मन आणि कारखान्यातले काम यांची सांगड घालणारे शास्त्र शिकून साताऱ्या-सांगलीच्या मुलखात परतलेली ही पहिलीच स्त्री. तिचा शब्द अखेरचा ठरणार होता. सर्वांत अधिक उठे ती माण तालुक्यातली हरणाबाई. गुडघे संपले, आता आपलाच नंबर, असे तिने मनाशी धरले होते.

आणि नेमके तिच्याच शेजारचे स्टूल प्रियदर्शनींनी निवडले.

"बूट का वो काढलं?" हरणाबाईने दबकत विचारले.

"तुम्ही चपला का काढता?"

"खायाच्या जिनसापुढं पायतान घालून बसायचं व्हय?"

"वडूजला माझी आई हेच म्हणायची."

त्याही बेदाणा निवडायला बसल्या. "डाक्टरीणबाईंचा हात लय मंद हाय गं," कोणी पुटपुटले, तेव्हा त्याही हसल्या. दुपार कलली. त्यांनी एक पाय उचलला, खाली सोडला, पुन्हा वर घेतला. आणि शेवटी त्या उठूनच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात नानासो आले. "मग मॅडम, सापडल्या का कामचुकार?"

"सांगते. आधी बूट काढा आणि चहा येईपर्यंत या स्टुलावर बसा."

"आवं, काय चेष्टा लावलीया?"

पण सारी शेड पाहत होती. नानासो बसले. पाय जमिनीला टेकेनात. आधाराला स्टुलाची आडवी लोखंडी दांडी तेवढी होती. ती त्यांना रोज दिसे. परंतु ती किती रुतते, हे अनवाणी तळव्यांवाचून कळण्यासारखे नव्हते. बायकांनी तोंडाला पदर लावले. चहा यायच्या आत नानासो उठले.

"सापडला कामचुकार," प्रियदर्शनी शांतपणे म्हणाल्या. "आता प्रत्येक दांडीवर रुंद फळी मारून घ्या."

फळ्या बसल्या त्या दिवशी हरणाबाई दुपारभर जागची हलली नाही. सुटी होताना शेजारच्या दीपमालाने विचारले, "आत्या, गुडघं काय म्हणत्यात?"

हरणाबाईने दाराबाहेरच्या चपला पायांत सरकवल्या आणि मान ताठ केली.

"म्हातारी व्हायला मला अजून लय येळ हाय."