वस्तीपुढचा कोरडा पट्टा

“टाकीत पाणी हाय का न्हाय, एवढंच सांगा,” मारुतीराव म्हणाला. कामावरून आल्या आल्या टँकर अडवून तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

सुबराव टाकीवर चढला, झाकण उघडून आत डोकावला. ही टाकी त्यानंच निपाणीच्या आपल्या शेडमध्ये बनवली होती. आतल्या आडव्या पट्ट्या, रस्त्यावर पाणी शिंपडणारी मागची भोकांची नळी, ती बंद-चालू करायचा केबिनमधला कॉक, सगळं त्याच्या हातचं.

“हाय की. निम्मी हाय.”

“मग आमच्याच वस्तीपुढं रस्ता कोरडा कसा? मागं ओला, म्होरं ओला. धुळीनं पोरं खोकत्यात म्हणून आमी रस्ता अडवला, तवा कुठं ह्यो टँकर सुरू झाला. ड्रायव्हर कन्नड, वस्ती मराठी. म्हणूनच न्हवं?”

ड्रायव्हर यल्लाप्पा खाली बघत राहिला.

रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर नागेंद्र मध्ये पडला. “उद्या संध्याकाळपर्यंत कारण कळलं पाहिजे. नाहीतर यल्लाप्पा, परवापासून तू येऊ नको.”

सुबराव शेडवर आला, पण त्याचं डोकं त्या उतारावरच राहिलं. कोगनोळीच्या अलीकडे रस्ता उतरतो, तिथंच ती वस्ती. पाणी असून पडत नाही म्हणजे काय? त्यानं तेलाचा एक रिकामा कॅन वरून कापला, मागच्या अंगाला तळाशी भोक पाडलं, थोडं पाणी भरलं आणि कॅन फळीवर ठेवून फळी तिरकी केली. पाणी पुढं पळालं. मागचं भोक उघडं पडलं, धार तुटली. फळी सरळ केली, धार आली. परत तिरकी केली. सुबराव एकटाच हसला. कशाचं तरी नवल वाटून त्याला फार दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅन घेऊन यल्लाप्पाच्या शेजारी बसला. उतार लागला तसं त्यानं खिडकीतून अंग बाहेर काढलं आणि मागं बघायला लागला. आता धार तुटणार.

तुटली नाही. टँकर नाक खाली घालून उतरत होता आणि पाणी दोन्ही अंगाला झकास उडत होतं.

मग वस्तीचं पहिलं घर आलं. यल्लाप्पानं हात लांब करून कॉक बंद केला.

डाव्या हाताला नवा सिमेंटचा रस्ता होता, अजून वाहतूक सुरू न झालेला. त्यावर वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक मिरच्या पसरल्या होत्या. बायका पदर तोंडाला लावून त्या परतत होत्या. त्यातल्या एकीनं टँकरकडे बघून हात वर केला. शेवटचं घर मागं पडलं आणि यल्लाप्पानं कॉक उघडला.

“ही मालुबाई,” तो म्हणाला. “मारुतीरावची बायको.”

“आन् हे कवापासनं?”

“पहिल्याच दिवशी मिरच्या भिजवल्या मी. बायका रडल्या. अंगणं रस्त्यात गेली त्यांची, वाळत घालणार कुठं? गडी कागलला कारखान्यात जातात. ते यायच्या आत ह्या मिरच्या गोळा करतात.”

“मग काल बोलला का न्हाईस, मर्दा?”

“काय बोलू? पाण्यासाठी गड्यांनी रस्ता अडवला, आणि तुमच्याच बायका पाणी बंद कर म्हणतात? गाव हसेल की त्यांना. मग घराघरात भांडणं.” यल्लाप्पानं गिअर बदलला. “शब्द दिलाय मी, आण्णा. टँकर काय, दुसरीकडं मिळेल.”

संध्याकाळी गडी माणसं कामावरून आली. नागेंद्रही आला. बायका दारात उभ्या राहिल्या, मालुबाई सगळ्यांच्या मागं. सुबरावनं कॅन काढला, पाणी भरलं आणि मारुतीरावाच्या हातात दिला.

“धरा तिरका. उतारावर टाकीत आसंच हुतंय. पाणी म्होरं पळतंय, मागं धार तुटत्या. दोष टाकीचा हाय.”

मारुतीरावानं दोनतीनदा कॅन तिरका करून बघितला. मग यल्लाप्पाच्या पाठीवर थाप मारली. “आरं मग सांगायचं न्हाई व्हय? उगं शिव्या खाल्ल्यास.”

नागेंद्र मात्र हसला नाही. “म्हणजे टाकी तुमची चुकली, सुबराव. दुसऱ्या टँकरची टाकी मग मी कोल्हापूरला करायला देतो.”

“द्या,” सुबराव म्हणाला. आजवर त्याची एकही टाकी परत आली नव्हती. “हिला दोन कॉक बसवून देतो. डाव्या अंगाला येगळा, उजव्या अंगाला येगळा. हितं एकच उघडला की धार टिकंल. कुठला बंद ठेवायचा, त्ये यल्लाप्पाला समजंल.” हे सांगताना तो दाराकडं बघत होता.

गडी पांगले. सुबराव टँकरमध्ये चढणार तोच मालुबाई घराच्या मागच्या बाजूनं लगबगीनं आली. तिनं मिरच्यांचं गठुडं त्याच्या हातात कोंबलं.

“लई उपकार झालं, आण्णा. वैनीस्नी द्या. चटणी चांगली हुईल म्हणावं.”

सुबराव गठुडं धरून उभा राहिला. आज एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा जमेना.

“न्हाय ओ ती आता,” तो म्हणाला. “दिवाळीच्या आदी गेली.”

मालुबाईनं त्याच्या हातातून गठुडं परत काढून घेतलं.

“मग ह्या मिरच्या न्हेऊन काय करतासा? यल्लाप्पाच्या हाती चटणीच करून धाडते. तिखट चालतंय न्हवं?”