भांडी कोण घासणार?

वर्षातला सगळ्यात भारी रॉक अल्बम कोणता, यावरून दर डिसेंबरात बापलेकीची जुंपायची. जो हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. पण यंदा लेकीला बाबांचं काही कळेचना. पंचवीस वर्षं कारखान्यात पत्रे ठोकणारा हा माणूस घरी आला की हळुवार गिटारवर जीव टाकायचा, आणि यंदा निवडलं काय, तर नुसता धडाडधूम ड्रमवाला अल्बम!

"बाबा, हे संगीत आहे की तुमचा कारखाना? कान गेले की काय तुमचे?"

बाबा जरा उशिराच हसले. "अगं, ठोका बघ यातला. थेट छातीत येतो."

"आता माझ्या अल्बममधलं शेवटचं गाणं ऐका. एक गिटार आणि एकट्या बाईचा आवाज, बस. नाही हरलात तर नाव बदलेन!"

तिने बटण दाबलं. काहीच वाजेना. स्पीकरची तार निसटली होती. ती टेबलाखाली शिरली. तार हाती लागते न लागते तोच वरून बाबा म्हणाले, "वा! काय गळा आहे या बाईचा!"

तिने डोकं बाहेर काढलं. बाबा डोळे मिटून मान डोलावत होते.

तिने तार तशीच खाली ठेवली. गाणं संपेल इतका वेळ ती तिथेच थांबली. मग त्यांच्या अगदी समोर येऊन मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हरले मी, बाबा. तुमचाच अल्बम भारी. भांडी माझ्याकडे."