उत्तराआधीची बोलणी

"आता मुभा नाही!" कारभाऱ्यांनी मेजावर मूठ आपटली. "तीनदा दिली. आज उत्तर दे, ओसबर्ट. मधमाश्या तुझ्या की तिच्या?"

जहागिरीच्या कचेरीत हशा पिकला. सफोकच्या त्या गावात दर तीन आठवड्यांनी कचेरी भरायची आणि दर वेळी ओसबर्ट टोपी काढून एकच मागणं मागायचा, उत्तर देण्याआधी वादीशी बोलून बघायची मुभा. कायदाच तसा होता. मुभा मिळाली की पुढच्या कचेरीपर्यंत दोघांनी बसून बोलायचं, जमलं तर मिटवायचं.

ते बसलेही. दर रविवारी, चर्च सुटल्यावर, दावा लावणाऱ्या सिबिलच्या कुंपणापाशी. सिबिल विधवा, जिभेची तिखट. तिच्या मधमाश्यांचा थवा उडाला होता, ती परात बडवत मागे धावली होती, आणि परात बडवत येणाऱ्याचाच थवा, हा गावचा रिवाज. तो बसला नेमका ओसबर्टच्या सफरचंदाच्या झाडावर. पहिल्या रविवारी दोघं कडाकडा भांडले. दुसऱ्या रविवारी तिनं घरची बिअर आणली. मग माश्यांचा विषय मागेच पडला. बायको गेल्यापासून पाच वर्षं भिंतींशी बोलणारा ओसबर्ट आता शनिवारीच दाढी करून ठेवायचा.

आणि आज ते सगळं संपणार होतं. माश्या माझ्या म्हणावं, तर ती पुन्हा तोंड बघणार नाही. तिच्या म्हणावं, तर पोळं घेऊन जाईल आणि मग बोलायला निमित्त काय उरणार?

"तोंडात गुळणी धरलीस काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

पण खोटं त्याच्याच्याने बोलवेना. "तिच्याच, साहेब. परातीचा आवाज मी ऐकला होता."

सिबिलचा चेहरा खर्रकन उतरला. "मेल्या, एवढी कसली घाई झाली होती तुला?" ती पुटपुटली.

"दावा निकाली," म्हणत कारभारी उठले.

"बसा साहेब!" सिबिल पदर खोचल्यासारखी पुढे आली. "माझा दुसरा दावा आहे. ह्याच्या गाईनं माझा वाटाणा खाल्ला. अख्खा वाफा!"

ओसबर्टकडे गाय नव्हती. त्याच्या बापाकडेही कधी नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"काय रे, तुझीच गाय?" कारभाऱ्यांनी विचारलं.

ओसबर्टचे कान लाल झाले. "असेल, साहेब," तो म्हणाला. "पण कोणती, ते हिच्याशी नीट बसून बोलावं लागेल."